अळणी पाहुणा

१४ जानेवारी, मंगळवार

राजधानीहून एक डॉक्टर आलाय. आम्ही शिंकलो तरी तो लिहून घेतो. म्हटलं, हा आम्हाला लिहितो, तर ह्यालाही कोणीतरी लिहायला हवं. मला अक्षर येत नाही, पण माझ्या सुनेला येतं. गेर्दा नन्सच्या शाळेत शिकलीय. मी बोलते, ती लिहिते. लग्न होऊन आल्यापासून सासूचं सगळं बोलणं तिने मुकाट्याने ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ.

डॉक्टरचं नाव विल्सेन. पोरगेलाच आहे. बूट स्वच्छ, म्हणजे आमच्या आर्तिबोनित खोऱ्याच्या चिखलात नवा. आमच्याकडे कोणाच्या दारी गेलं की कुंपणाबाहेर उभं राहून "मान!" अशी हाक द्यायची. आतून "आदर!" असं उत्तर आलं की मगच पाऊल आत. डॉक्टरने जीपचा भोंगा वाजवला. आतून कुत्रं जे काय म्हणालं, तेच त्याने "आदर" समजून घेतलं.

तो आलाय माझ्या कोमेच्या घरच्या पाहुण्यासाठी. कोमे म्हणजे शेजारची क्लेर्मीज. तिच्या लुकनेरची मी धर्ममाता. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात धरलं होतं, तेव्हापासून ती मला कोमे म्हणते आणि मी तिला. हा लुकनेर मागच्या वर्षी भात कापणीला वारला. सकाळी अंग मोडून आलं, दिवस मावळायच्या आत गेला, दुसऱ्या दिवशी पुरला. मी त्याच्या पेटीवर पडून रडले, आणि मी उगाच कोणासाठी रडत नाही. तर नाताळाच्या आधी क्लेर्मीज बाजारातून परतली ती एका माणसाला हाताला धरून. कालव्याच्या काठी बसला होता म्हणे. अंगावर फाटकी चड्डी, नजर जमिनीत, तोंडात शब्द नाही.

"कोमे, माझा लुकनेर आला गं," ती म्हणाली.

गावाने एका दमात ठरवून टाकलं, झोंबी. म्हणजे कोणीतरी करणी करून त्याला मारला, थडग्यातून उकरून काढला आणि कुठल्यातरी शेतात जुंपला. आता मालकाच्या हातून सुटून घरी आला.

मी त्याला पाहिला. कपाळ लुकनेरसारखं आहे म्हणतात. उपाशी माणसाचं कपाळ कोणासारखंही दिसतं.

डॉक्टरने मला पहिला प्रश्न काय विचारावा?

"आजी, तुमच्याकडे ते चावतात का?"

"कोण, डास?"

"झोंबी." बिचारा ओशाळला. "हा प्रश्न परदेशातल्या लोकांनी घातलाय. तिकडे असं मानतात की एक झोंबी चावला की चावलेला माणूसही झोंबी होतो. मग तो दुसऱ्याला चावतो. अशी साथ पसरते, शहरंच्या शहरं जातात."

"आणि त्या सगळ्यांना कामाला कोण लावतं?"

"कोणीच नाही. ते नुसते हिंडतात आणि माणसं खातात."

"मालक नाही?"

"नाही."

"मग भ्यायचं कशाला?"

 आमच्याकडे झोंबीला कोणी भीत नाही. आपण झोंबी होऊ, ह्याला भितात. जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबायचं, आणि मेल्यावरही सुट्टी नाही! तिकडे झोंबी माणसाला खातो, इकडे माणूस झोंबीला खातो. पुढारलेलं कोण, ते डॉक्टरने ठरवावं. तो शिकलाय.

१६ जानेवारी, गुरुवार

क्लेर्मीजच्या चुलीवर हल्ली दोन भांडी असतात. एक तिचं, एक त्याचं. त्याच्यात मीठ नसतं.

झोंबीला मीठ देत नाहीत. मीठ जिभेला लागलं की तो जागा होतो, आपण मेलोय हे त्याला कळतं, आणि उठून सरळ आपल्या थडग्याकडे चालू लागतो. लोक मिठाला जागतात म्हणतात ना, ते आमच्याकडे असं. मालक लोक मीठ देत नाहीत, कारण चाकर जाईल. क्लेर्मीज देत नाही, कारण मुलगा जाईल.

मी म्हटलं, "कोमे, अळणी भात खाऊन जिवंत माणूससुद्धा थडगं शोधेल गं."

"तू तुझं भांडं बघ, कोमे."

"माझं भांडं बरं आहे. मी तुझ्या त्या पाहुण्याचं म्हणतेय."

"पाहुणा नाही तो." तिने त्याच्या तोंडाला लागलेलं शीत आपल्या बोटाने पुसलं. मग तेच बोट स्वतः चाटलं. आई आपल्या बाळाचं करते तसं. मला बोलायला पुढे काही सुचलं नाही, हे गेर्दाने ठळक लिहावं. असे प्रसंग फार येत नाहीत.

चालताना तो डावा पाय जरा बाहेर टाकतो. लुकनेरही टाकायचा. पण अर्धं गाव टाकतं.

१९ जानेवारी, रविवार

आज विज्ञानाने आमच्या घरावर उपकार केले.

प्रार्थना सुटल्यावर डॉक्टर आंब्याखाली उभा राहिला आणि लोकांनी त्याला घेरलं. एकच प्रश्न होता सगळ्यांचा, डॉक्टर, हे शक्य आहे की नाही? आता शहाण्या माणसाने "नाही" म्हणावं आणि जेवायला जावं. पण हा खरं बोलणारा निघाला.

तो म्हणाला, मेलेला माणूस उठत नाही. रक्त थांबलं की स्नायू कुजतात, आणि कुजलेला पाय चालत नाही. इथवर ठीक होतं. पुढे म्हणाला, मात्र मेल्यासारखा दिसणारा माणूस उठू शकतो. समुद्रात एक मासा असतो. चिडला की फुग्यासारखा फुगतो. त्याच्या यकृतात असं विष असतं की चिमूटभर पोटात गेलं तरी हातपाय लुळे पडतात, श्वास इतका मंदावतो की कळत नाही, आणि आत माणूस जागा असतो, सगळं ऐकत असतो. बहुतेक मरतातच. पण समजा एखादा वाचला, घाईने पुरला गेला, वेळेवर उकरला गेला, आणि वर त्याला रोज धोत्रा पाजला, तर तो काही न आठवणारा, सांगेल ते ऐकणारा माणूस होऊ शकेल. "असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण पूर्णपणे अशक्य आहे, असं मी म्हणणार नाही."

एवढ्या लांब भाषणातून गावाने एकच शब्द उचलला. मासा.

ह्या गावात समुद्रावर जाऊन मासे आणून विकणारा एकच. माझा मुलगा ओदिलों, गेर्दाचा नवरा. डॉक्टरने नाव घेतलं नाही, नुसता धंदा सांगितला.

आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं की ओदिलों आणि लुकनेरचं कालव्यावर भांडण झालं होतं. लुकनेरने रात्रीतून बांध फोडून आमची पाण्याची पाळी आपल्या वाफ्यात वळवली, आणि ओदिलों सगळ्यांदेखत ओरडला होता, "पुन्हा पाळी फोडलीस तर मातीत घालीन!" कालव्यावर हे रोज कोणीतरी कोणालातरी म्हणतं. म्हटलेल्या सगळ्यांना खरंच मातीत घातलं असतं, तर भाताला जागा उरली नसती. पण लुकनेर त्यानंतर आठवड्यातच गेला होता.

आंब्याखाली बसलेली माणसं एकेक करून माझ्याकडे बघायला लागली. मी माझी टोपी नीट केली. रविवारची चांगली टोपी होती, बघू देत.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी ओदिलोंची टोपली जशी गेली तशी परत आली. कालपर्यंत "ओदिलों, माझ्यासाठी मोठा ठेव रे" म्हणणाऱ्या बायका आज कुंपणाच्या आत शिरल्या. मासे माश्यांनी घेतले.

दुपारी गावप्रमुख येऊन सांगून गेला, "ओदिलों, चार दिवस कुठेतरी जाऊन ये बाबा. पोरांच्या हातात कोयते आहेत. मी एकटा कोणाकोणाला धरू?" कायदाही आहे म्हणाला. माणसाला असं विष दिलं तर तो खुनाचा प्रयत्नच धरतात, मग माणूस पुढे चालता-बोलता दिसला तरी. म्हणजे एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला तुरुंग. निवड करायला भरपूर वाव.

तो गाठोडं बांधत होता, तेव्हा मी त्याला विचारलं. गेर्दाने आता लिहिता लिहिता माझ्यावर डोळे वटारले, पण मी विचारलं. आईच विचारणार, दुसरं कोण?

"ओदिलों, माझ्याकडे बघ. तू केलंस का काही?"

"मा, मी मासे विकतो. विष नाही विकत."

"मी विकण्याचं विचारलं नाही."

तो गाठोडं टाकून खाली बसला. "नाही गं मा. शिवी दिली होती, तेवढीच. मेल्यावर त्याची पेटी मी उचलली ना? विसरलीस?"

माझा विश्वास बसला. गेर्दा, हे पुन्हा एकदा लिही. माझा विश्वास बसला.

तो कुठे गेलाय ते इथे लिहायचं नाही. गेर्दाच्या माहेरच्यांना पाहुणचार फार आवडतो, एवढंच लिही. नको, तेही खोड.

२४ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टर आला. भोंगा नाही वाजवला. कुंपणाशी उभा राहिला, हाक द्यायचं त्याला सुचेना, तसाच उभा. मीच म्हटलं, या.

"आजी, मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं."

"नाही हो. तुम्ही फक्त टोपली दाखवलीत."

"शक्य असणं आणि घडलेलं असणं ह्यात फरक असतो."

"तुमच्या राजधानीत असेल. इथे शक्य झालं की लोक कोयता घेतात."

 मी त्याला कॉफी दिली. रागावलेय म्हणून कॉफी कमी गोड करत नाही मी. मग तो खरं काय ते बोलला. पाहुण्याला त्याने तपासलंय. डोक्याला जुना मार आहे, अधूनमधून झटके येत असावेत, कदाचित लहानपणापासूनच त्याला बोलता येत नसेल. असे कितीतरी देशभर हिंडतात, कोणाचे ते कोणालाच माहीत नाही. आणि मुलगा गेलेली आई रस्त्याने चालली असेल, तर तिला त्यांच्यातला एखादा भेटतोच.

"आता तो अशक्त होत चाललाय," डॉक्टर म्हणाला. "ह्या उन्हात घाम गाळायचा आणि मीठ पोटात नाही. कोणीही लडखडेल. मी मादाम क्लेर्मीजना सांगून दमलो."

मी विचारलं, "तुमच्या त्या साथीचं काय झालं? येणार का?"

तो पहिल्यांदा हसला. "नाही येणार. रोगाला पसरायचं तर रोगी चालता हवा, खाणारा-पिणारा हवा. मेलेलं शरीर उन्हात आठवड्यात पडेल. आणि हा फुग्या माशाचा प्रकार खरा धरला तरी शंभरातले नव्याण्णव मरतील, मग एक हाती लागेल. असल्या धंद्याची साथ येत नाही."

"डॉक्टर, हे मी तुम्हाला मासा न चिरता सांगितलं असतं. न बोलणारा, पगार न मागणारा, एका केळ्यावर दिवसभर राबणारा माणूस खरंच बनवता आला असता, तर खोऱ्यातल्या मालकांनी कधीच कारखाना काढला असता. मजुरी देताना त्यांची तोंडं बघा. ज्याला दुसरा इलाज आहे त्याचं तोंड तसं होत नाही."

हे मात्र त्याने लिहून घेतलं.

एक उपाय आहे म्हणाला. आईचं रक्त आणि त्याचं रक्त घ्यायचं, परदेशी पाठवायचं, ते नातं जुळतं की नाही ते सांगतात, चूक होत नाही. पण त्याला लागणारं सामान राजधानीतून आणायचं आणि परवानगी काढायची. फेब्रुवारीतला कार्निव्हलचा सण झाल्यावर येतो म्हणाला.

कार्निव्हलपर्यंत कोयते कपाटात ठेवून वाट बघायला आमची पोरं काही नन्सच्या शाळेत शिकलेली नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

आमची पाण्याची पाळी गेली. कोणी घेतली विचारलं तर सगळे आभाळाकडे बघतात. भात पिवळं पडतंय.

छपरावर दगड आला. मग आणखी एक. गेर्दा भिंतीला पाठ लावून बसली. मी बाहेर जाऊन ओरडले, "अरे, नेम तरी शिका! बाप चांगला नेमबाज होता तुमचा!" आत आल्यावर पाण्याचं भांडं गेर्दाने माझ्या तोंडाशी धरलं.  चांगली पोर आहे. हे तिच्याच हाताने लिहिलं जातंय, म्हणून जास्त बोलत नाही.

कोणीतरी गेर्दाच्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं म्हणे बाजारात. पोरं तिकडे जायचं बोलताहेत. ते तिथे पोचायच्या आत काहीतरी व्हायला हवं.

मी विचार करतेय. मला विचार करायला फार वेळ लागत नाही, पण मिठाचा विचार करायला लागला.

गाव म्हणतं झोंबी. झोंबी मीठ खातो आणि थडग्याकडे जातो. ठीक. मग त्याला मीठ द्या. तो थडग्याकडे गेला नाही, म्हणजे झोंबी नाही. झोंबी नाही, म्हणजे विष नाही. विष नाही, म्हणजे माझा मुलगा मासेवाला, बस. ह्याला म्हणतात प्रयोग. डॉक्टरला जीप लागते. मला एक खारा हेरिंग मासा पुरे.

गेर्दा विचारतेय, "आणि आई, तो गेला तर?"

सुना असंच विचारतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

क्लेर्मीज बाजारात गेली होती. मी उकडलेली केळी घेतली, त्यावर खारवलेला, धुरावलेला हेरिंग कुस्करला, कांदा, तिखट, भरपूर तेल. त्याच्या पुढ्यात ताटली ठेवली आणि गल्लीतल्या चार बायकांना मुद्दाम बोलावून बसवलं. साक्षीला.

तो आधी हुंगत राहिला. मग खाल्लं. मग कसं खाल्लं, काय सांगू! ताटली चाटली, बोटं चाटली, माझ्या बोटांना लागलेलं तेलसुद्धा त्याने बघून ठेवलं. आणि मग मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदा त्याने माणसाकडे पाहिलं. माझ्याकडे. डोळे तपकिरी आहेत. लुकनेरचे कसे होते ते मला त्या क्षणी आठवेना.

मग तो उठला आणि चालू लागला.

बायका किंचाळल्या. मी म्हटलं, थांबा, कुठे जातो ते बघा, हेच तर बघायचंय! गल्ली संपली, तो डावीकडे वळला. डावीकडे विटांची भट्टी आहे, कोंबड्यांच्या झुंजीचं मैदान आहे, हमरस्ता आहे. जायला जागा पुष्कळ. मागे लोक वाढत गेले. तो भट्टीवरून गेला, मैदानावरून गेला आणि दफनभूमीच्या फाटकातून सरळ आत शिरला.

आता हे मी पाहिलंय, म्हणून सांगते. फाटकाच्या आत नळ आहे. खारा मासा खाऊन माणूस कुठे जाईल? तो नळाला तोंड लावून घटाघटा प्यायला. पोट भरल्यावर त्याने सावली बघितली. त्या सगळ्या उन्हात बदामाच्या झाडाखालची सावली एकच, आणि तिच्यात एकच थडगं, निळं रंगवलेलं. तो त्याच्यावर जाऊन बसला.

लुकनेरचं.

मी ओरडत होते, "पाणी प्यायला आलाय! पाणी!" माझं कोण ऐकतं? शंभर माणसं जमली होती. कोयत्याची मूठ कोणीतरी फाटकावर आपटली. "आता कसली वाट बघता? ओदिलोंला आणा! कुठे लपलाय ते त्याची बायको सांगेल!" गेर्दा घरी एकटी होती. माझा प्रयोग यशस्वी झाला होता. माझ्या मुलाचा जीव घ्यायला जे कमी पडत होतं, ते मी स्वतःच्या हाताने कुस्करून वाढलं होतं.

तेवढ्यात क्लेर्मीज आली. बाजाराची टोपली डोक्यावर तशीच. लोकांनी वाट दिली. ती जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि हसला. तो हसतो हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याने तिच्या टोपलीतून खाली लोंबणारं कोथिंबिरीचं टोक ओढलं.

"बोल, क्लेर्मीज," कोयतेवाला म्हणाला. "तुझ्या तोंडाने सांग. कोण हा?"

ती माझ्याकडे वळली. किती वेळ बघत होती कोण जाणे.  माझी टोपी कुठेतरी पडली होती.

मग तिने टोपली खाली ठेवली, त्याचा डावा कान धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"हा लुकनेर नाही," ती म्हणाली. "लुकनेरच्या कानाला खाच होती. लहानपणी उंदराने कुरतडला होता. ह्याचा कान बघा, सबंध आहे. मी चुकले. म्हातारीची नजर चुकली. माझा मुलगा ह्या दगडाखाली आहे, आणि त्याला देवाने नेलंय, कोणी माणसाने नाही. जा आपापल्या घरी."

"नीट बघ, मावशी."

"मी जन्म दिलाय की तू?"

 लोक पांगले. काही तर नाराज दिसले, कोयता धार लावून आणलेला.

घरी आल्यापासून आठवतेय. लुकनेरला मी मांडीवर न्हाऊमाखू घातलंय, त्याच्या कानामागची माती मीच काढायची. ती खाच माझ्या लक्षात कशी राहिली नाही? वय झालं, दुसरं काय.

२ फेब्रुवारी, रविवार

माझा उपाय लागू पडला. थोडा वळसा घेऊन, पण पडला. मी मीठ दिलं म्हणून तो तिथे गेला, तिथे गेला म्हणून तिने त्याला भर उन्हात नीट पाहिलं, नीट पाहिलं म्हणून चूक कळली. हे मी गेर्दाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हो आई," आणि डोळे पुसले. चुलीचा धूर फार होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कार्निव्हल. ओदिलों आला. पोरं ढोल बडवत होती, त्यातल्याच एकाने पुढे होऊन त्याच्या हातात बाटली दिली. हाच तो फाटकावर मूठ आपटणारा. ओदिलोंने घोट घेतला. न घेऊन करतो काय, त्याच पोरांना उद्या मासे विकायचेत.

आमची पाण्याची पाळी परत आली. आभाळातून पडली असणार, सगळे तिकडेच बघत होते.

मी मोठा मासा साफ करून क्लेर्मीजकडे घेऊन गेले. "मान, कोमे!" म्हटलं. तिने "आदर" म्हटलं, पण उठली नाही. मासा घेतला. पूर्वी ती मासा बघितला की त्याच्या तोंडावरून दोन तरी टोमणे मारायची. आज नाही. मी म्हटलं, "अगं, रागावलीस? तुझ्या घरात न विचारता शिरले म्हणून?"

"नाही गं," ती म्हणाली. "तुझा ओदिलों जेवला का पोटभर?"

"जेवला की."

"मग झालं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर सुया, बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन आला. मी त्याला वाटेतच सांगितलं, तुमचं काम मी केलं, एका हेरिंगमध्ये. तरी तो म्हणाला, खात्री झालेली बरी, मग पुन्हा कोणी ओदिलोंकडे बोट दाखवणार नाही. मला पटलं. मी त्याच्याबरोबर क्लेर्मीजकडे गेले.

"मादाम, थोडंसं रक्त. दुखत नाही."

"नको."

"फक्त तुमचं आणि त्याचं..."

"ज्याचं रक्त ज्याच्या अंगात आहे तिथे बरं आहे."

डॉक्टर चाचरला. "पण तुम्हीच म्हणालात तो तुमचा नाही. मग चाचणी तेच सांगेल."

"मी म्हणाले ना? सगळ्यांनी ऐकलं ना? मग यंत्राला कशाला विचारायचं?"

मीही म्हटलं, "कोमे, टोचून घे गं. एवढ्या लांबून पेट्रोल जाळून आलाय. तुझा नाहीच, तर तुझं जातंय काय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. दफनभूमीत पाहिलं होतं तसंच. सुईला एवढं कोण भितं? मला तर ही बाई बाळंतपणातही ओरडलेली आठवत नाही.

डॉक्टरही तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने पेटी बंद केली, वहीसुद्धा. आम्ही शिंकलो तरी लिहिणारा माणूस, पण हे लिहिलं नाही. शाई संपली असेल. जाताना क्लेर्मीजपुढे तो इतका वाकला, जशी काही ती मोठ्या पाद्र्याची आई. "त्याला मीठ देत राहा, मादाम," एवढंच म्हणाला.

"देतेय," ती म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

बऱ्याच दिवसांत काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालं नाही. गेर्दाला वाटतंय आता ही वही बंद करावी, तिला दुसरी कामं आहेत.

क्लेर्मीजच्या चुलीवर आता एकच भांडं असतं. पाहुण्याचे गाल भरलेत. काल तो क्लेर्मीजच्या वाफ्यात खुरपत होता, वाईट खुरपतो, पण खुरपतो. गावाने त्याचा नाद सोडला. जो झोंबीही नाही आणि कोणाचा मुलगाही नाही, त्याच्यात लोकांना काय गंमत?

एकच अडचण आहे. त्याला नाव नाही. क्लेर्मीज त्याला जेवायला बोलावते, ते कुंपणाच्या अलीकडे मला रोज ऐकू येतं. "ए..." म्हणते आणि थांबते. तोंड उघडं, श्वास घेतलेला, एखादं नाव मावेल एवढी थांबते. मग काहीच न म्हणता तोंड मिटते. तो येतो तरीही.

तिला नाव सुचत नसावं. मी तिला चार चांगली नावं सुचवून आले. तिला एकही पसंत पडत नाही.